अॅम्पशिवायचा अॅम्प

गेल्या वर्षी पाऊस संपत आला होता तेव्हाची गोष्ट. संध्याकाळी ऑफिसातून येऊन चहा घेत बसलो होतो, तर माझ्या मुलाचे गिटारचे सर दारात. सर आमच्या फोंड्यातलेच, दोन घरं सोडून राहतात. बावीस वर्षं जहाजावरच्या बँडमध्ये वाजवून निवृत्त झालेले. त्यांच्यामागे त्यांचा भाचा धापा टाकत एक मोठा काळा खोका घेऊन आला आणि त्याने तो आमच्या बाल्कांवात ठेवला. सर त्या खोक्याकडे बघत म्हणाले, "हें आतां म्हज्यान उखलूंक जायना रे."

खोका म्हणजे त्यांचा अॅम्प्लिफायर. फेंडर कंपनीचा ट्विन रिव्हर्ब. जहाजावर असताना मायामीत जुन्या बाजारात घेतलेला. एकोणतीस किलो वजन! शिवाय तो अमेरिकेतला, 120 व्होल्टचा, म्हणून आपल्याकडे त्याला वेगळा ट्रान्सफॉर्मर लागतो; त्याचं वजन निराळंच. सरांच्या मणक्याचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरने पाण्याची बादलीसुद्धा उचलू नका म्हणून बजावलं होतं.

"याच्या जागी पायाकडे ठेवायचं एखादं पेडल मिळतं म्हणे," सर म्हणाले. "ते सरळ हॉलच्या मिक्सरला जोडायचं. तू पुस्तकं वाचतोस, तू बघून सांग कुठलं घ्यायचं. नाताळात वाजवायचंय. पण एक सांगून ठेवतो, त्यातून माझा आवाज आला नाही तर मी गिटार पेटीत घालून ठेवणार. लोकांना कीव यावी असं मला वाजवायचं नाही."

आता मी इतिहास घेऊन बी.ए. झालेला सरकारी कारकून. मला सा आणि रे यांतला फरकही कोणी दाखवला तर कळतो. पण फाईल कशी करायची ते मला येतं. तेव्हा एक वही काढली, वर विषय लिहिला आणि आमच्या पद्धतीप्रमाणे आधी पूर्वपीठिका लिहायला घेतली. ती लिहिताना जे हाती लागलं ते इतकं गमतीदार निघालं की इथे मांडतो आहे. आपल्या गोव्यात घराघरांत गिटार आहे, पण तिच्यामागच्या खोक्याचा इतिहास आपण कधी विचारत नाही.

मुळात हा खोका फक्त आवाज मोठा करण्यासाठी आला. बँडमध्ये ट्रंपेट आणि ड्रमच्या गोंगाटात गिटार ऐकूच येत नसे. 1930 च्या सुमारास तारेखाली लोहचुंबक बसवून तिचा आवाज विजेच्या रूपात उचलण्याची युक्ती निघाली आणि मग तो मोठा करायला अॅम्प आला. आतलं सगळं रेडिओचंच. तेच काचेचे व्हॉल्व्ह, तोच ट्रान्सफॉर्मर, तोच स्पीकर. कॅलिफोर्नियातला लिओ फेंडर तर मूळचा रेडिओ दुरुस्त करणाराच. या लोकांच्या डोळ्यांसमोर ध्येय एकच: जसा आवाज आत गेला तसाच, फक्त मोठा होऊन बाहेर यावा. आवाज फाटला की तो दोष.

आणि खरा इतिहास या दोषाचाच आहे. 1951 साली मेंफिसमध्ये 'रॉकेट 88' हे गाणं ध्वनिमुद्रित व्हायचं होतं. वाटेत गिटारवाल्याच्या अॅम्पला इजा झाली. दुसरा आणायला सवड नव्हती, म्हणून फाटक्या स्पीकरमध्ये कागद कोंबून तसंच रेकॉर्डिंग केलं. तो खरखरीत आवाज लोकांना आवडला! पुढे 1958 मध्ये लिंक रे या वादकाने 'रंबल'साठी मुद्दाम स्पीकरला भोकं पाडली, आणि 1964 मध्ये लंडनच्या किंक्सच्या डेव्ह डेव्हिसने आपल्या छोट्या अॅम्पचा स्पीकर ब्लेडने चिरला. चांगली वस्तू फाडून वापरणं आपल्याला वेडेपणा वाटेल. पण तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुती दोरा सरकवून आपण काय करतो? स्वच्छ वाजणाऱ्या तारेला मुद्दाम घोडीवर घासायला लावतो आणि त्या झणझणीला जवारी म्हणतो. जवारी नसलेला तंबोरा कोणी गवई मांडीवर घेणार नाही. इलेक्ट्रिक गिटारवाल्यांची जवारी अॅम्पमध्ये होती, एवढंच.

या टप्प्यावर अॅम्प हे यंत्र राहिलं नाही, वाद्याचाच अर्धा भाग झालं. आणि जगभरच्या कानांत मुख्यतः तीन घराणी बसली. पहिलं फेंडरचं: स्वच्छ, काचेसारखं. दुसरं इंग्लंडच्या व्हॉक्सचं: डिक डेनी या माणसाने आखलेला एसी 30, थोडा किणकिणता, बीटल्सने वापरला तो हाच. तिसरं मार्शलचं. जिम मार्शल हा लंडनमधला ड्रमवादक आणि दुकानदार. फेंडरचे अॅम्प अमेरिकेतून आणायचे तर महाग पडत, म्हणून त्याने आपल्या माणसांकडून फेंडरच्या बासमॅन या अॅम्पची जवळजवळ नक्कल करून घेतली. 1962-63 चा जेटीएम 45 तो हाच. व्हॉल्व्ह आणि स्पीकर तिथे मिळतील ते वापरले, त्यामुळे नक्कल मुळापासून वेगळी वाजू लागली आणि पुढे रॉक संगीताचा आवाजच बनली. मग या मार्शलच्याही नकला निघाल्या! आज कुठलंही पेडल उघडून बघा, नावं आडपडद्याने दिलेली असतील, पण बहुतेक वेळा आत या तिघांपैकीच कोणीतरी बसलेलं असतं.

अडचण एकच. व्हॉल्व्हचा अॅम्प जोरात वाजवला तरच त्याला तो रंग चढतो. तीस वॉटचा अॅम्प ऐकायला लहान वाटतो, पण खोलीत पुरा उघडला तर शेजारी पोलिसांना बोलावतील. (रात्री दहानंतरचे नियम 2000 सालचे आहेत. आमच्या ऑफिसात त्यावरची परिपत्रकं दर मोसमात येतात.) म्हणजे आवाजाचा रंग हवा तर आवाजाचा आकारही घ्यावा लागे. दोन्ही सुटे करता येतील का, हा प्रश्न पुढची साठ वर्षं लोक सोडवत बसले.

पहिलं उत्तर अपघाताने मिळालं. नॅशव्हिलमध्ये मार्टी रॉबिन्सच्या 'डोंट वरी' या गाण्याचं रेकॉर्डिंग चाललं असताना मिक्सरची एक वाट बिघडली आणि ग्रेडी मार्टिनची बास गिटार भुंग्यासारखी गुणगुणली. गाणं 1961 साली आलं आणि गाजलं. मग हा बिघाड डबीत भरून 1962 पासून विकायला सुरुवात झाली, नाव 'मेस्ट्रो फझ-टोन'. 1965 मध्ये रोलिंग स्टोन्सने 'सॅटिस्फॅक्शन'मध्ये ती वापरली आणि अशा डब्यांची रांगच लागली. पण लक्षात घ्या, ही डबी अॅम्पच्या जागी नव्हती. डबीतून निघून आवाज शेवटी अॅम्पमध्येच जात होता.

इथे आमच्या घरची फजिती सांगितली पाहिजे. दोन वर्षांपूर्वी मुलाने कॉलेजच्या कार्यक्रमासाठी असंच एक पेडल घेतलं. दुकानदार म्हणाला, हे असलं की अॅम्पची गरज नाही. मुलाने ते सरळ मिक्सरला जोडलं आणि पहिली तार छेडली. गांधीलमाश्यांचं मोहोळ उठलं म्हणा ना! साउंडवाल्याने घाईघाईने बटण खाली केलं आणि पोराने उरलेली तीन गाणी नुसती हात हलवत काढली. घरी येऊन जेवला नाही. तेव्हा आम्ही पेडल वाईट म्हणून मोकळे झालो. पेडल वाईट नव्हतं, हे मला आता ही वही लिहिताना कळलं.

कारण असं. गिटारच्या अॅम्पमधला स्पीकर हा हॉलच्या स्पीकरसारखा नसतो. हॉलचा स्पीकर आपल्या कानाला ऐकू येतं ते सगळं वाजवायला बघतो, वीस हजार हर्ट्झच्या आसपासपर्यंत. गिटारचा बारा इंची स्पीकर साधारण 75 ते 5000 हर्ट्झ इतकंच वाजवतो. त्यापुढे तो आवाज गाळून टाकतो. म्हणजे कागदाचा तो कोन नि लाकडाचं ते खोकं ही एक गाळणी आहे. फाटलेल्या आवाजात वरच्या पट्टीतला किरकिराट फार असतो, तो या गाळणीत अडकतो आणि खाली उरतो तो आपल्या ओळखीचा गिटारचा आवाज. इतकी वर्षं सगळे व्हॉल्व्हचं कौतुक करत राहिले, आणि मुकाट्याने अर्धं काम करणाऱ्या स्पीकरकडे कोणी बघितलं नाही. ऑफिसातही असंच असतं, पण ते असो.

गाळणी काढली तर काय होतं याचा जगप्रसिद्ध पुरावा म्हणजे बीटल्सचं 1968 चं 'रेव्होल्यूशन'. त्यात गिटार अॅम्पला न जोडता सरळ स्टुडिओच्या मिक्सरला जोडली आणि मिक्सरच मर्यादेबाहेर ताणला. तो कानात टाचणी टोचल्यासारखा आवाज त्यांना हवाच होता. आमच्या मुलाला नको होता, इतकाच फरक! उलट डेट्रॉइटच्या मोटाउन स्टुडिओत त्याच दशकात गिटार आणि बास सरळ मिक्सरला जोडून कितीतरी लोकप्रिय गाणी झाली, आणि ती गोड वाजतात, कारण तिथे आवाज फाडलेला नव्हता. स्वच्छ आवाज गाळणीशिवाय थोडाफार चालून जातो. फाटलेला चालत नाही.

ही गाळणीसुद्धा डबीत घालायची, हे ज्याने नीट मनावर घेतलं तो टॉम शोल्झ. बोस्टन या बँडचा गिटारवादक. पण त्याआधी एमआयटीतून शिकलेला आणि पोलरॉइड कंपनीत नोकरी करणारा इंजिनिअर. नोकरी सांभाळून घराच्या तळघरात त्याने जे रेकॉर्डिंग केलं, त्यातून 1976 चा बँडचा पहिला अल्बम निघाला. (नोकरी सांभाळून काही करणाऱ्या माणसांबद्दल मला साहजिकच माया आहे.) 1982 मध्ये त्याने 'रॉकमॅन' काढला. कमरेला अडकवता येईल एवढी डबी, तिला हेडफोन लावायचा, आणि कानात मोठ्या हॉलमधला अॅम्प! डेफ लेपर्डच्या 1987 च्या 'हिस्टेरिया' या अल्बमच्या गिटारी याच डबीतून वाजल्या. मात्र तिचा आवाज एका ठरावीक साच्याचा. दोन सुरांत ओळखू येतो.

मग 1989 मध्ये न्यूयॉर्कच्या अँड्र्यू बार्टाने 'सॅन्सअॅम्प' आणलं. फ्रेंचमध्ये सॅन्स म्हणजे 'शिवाय'. नावातच सगळं आलं. वेगवेगळ्या अॅम्पच्या आवाजाच्या वाटा एका डबीत, शेवटी स्पीकरची गाळणी, आणि हे सगळं कसल्याही संगणकाशिवाय, साध्या इलेक्ट्रॉनिक भागांतून. आज ज्याला आपण 'अॅम्पच्या जागी पेडल' म्हणतो त्याचा मूळपुरुष हाच. यानंतर 1998 मध्ये लाइन 6 कंपनीचा 'पॉड' आला, लाल, राजम्याच्या दाण्याच्या आकाराचा. त्यात अॅम्पचं वागणं गणिताने मांडून चिपमध्ये भरलं होतं. आमच्याकडे याच्याही आधी, 1979 साली, बंगळूरच्या राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तंबोरा बनवला होता. तेव्हा जुन्या गवयांनी नाकं मुरडली, आणि आज आमच्या देवळातल्या भजनात तो बॉक्स नसेल तर बुवा खोळंबून बसतात.

गेल्या वीसेक वर्षांतली मोठी उडी मात्र त्या गाळणीचीच आहे. आता स्पीकरची नक्कल करत नाहीत, त्याचा ठसा घेतात. स्पीकरसमोर माइक ठेवायचा, खालच्या घुमण्यापासून वरच्या शिट्टीपर्यंत चढत जाणारा एक सूर त्यातून सोडायचा आणि काय गाळलं, काय ठेवलं याची नोंद संगणकाने करायची. याला इम्पल्स रिस्पॉन्स म्हणतात, मुलं आय.आर. म्हणतात. 2019 चं स्ट्रायमनचं इरिडियम किंवा 2021 पासूनची युनिव्हर्सल ऑडिओची पेडलं वीतभर डबीत अॅम्प आणि खोका दोन्ही देतात. त्याहीपुढे न्यूरल अॅम्प मॉडेलर नावाची फुकट मिळणारी प्रणाली आहे. तिला तुमचा अॅम्प ऐकवला की ती तो शिकून घेते.

एवढं झाल्यावर टिपणी लिहायला बसलो. सरकारी खरेदीत आम्ही तीन कोटेशनं मागवतो आणि सर्वांत स्वस्त घेतो. इथे तसं करून चालणार नव्हतं. पहिला प्रश्न: पेडलमध्ये स्पीकरची गाळणी आहे का? नसेल तर पुढे वाचूच नये. मुलाचं पेडल इथेच बाद झालं असतं. पण ती बंदही करता आली पाहिजे, कारण उद्या तेच पेडल कोणाच्या खऱ्या अॅम्पला जोडलं तर गाळणीवर गाळणी बसून आवाज घोंगडी पांघरल्यासारखा होतो. दुसरा प्रश्न घराण्याचा. सरांचा ट्विन 85 वॉटचा, आणि तो फाटत नाही यासाठीच प्रसिद्ध. तेव्हा दोषांची नक्कल करणारी मार्शलवाली पेडलं कितीही नावाजलेली असोत, सरांना उपयोगाची नाहीत. त्यांना हवा स्वच्छ फेंडर आणि त्याचा तो स्प्रिंगचा घुमारा. (हा घुमारा हॅमंडच्या ऑर्गनमधून फेंडरकडे आला, चर्चमध्ये वाजवणाऱ्या माणसाला तो प्रिय असणारच.) तिसरी गोष्ट विजेची. साध्या पेडलला नऊ व्होल्टचा लहानसा अॅडॅप्टर बहुधा पुरतो, पण या चिपवाल्यांतल्या काहींना 500 मिलिअँपिअर लागतात. अॅडॅप्टर कमी पडला तर पेडल चालूच होत नाही, किंवा वाईट म्हणजे गाण्याच्या मध्येच बंद पडतं. आणि हेडफोनची जागा हवी, रात्री दहानंतरच्या रियाजासाठी.

मुलाच्या मित्राकडे असं एक पेडल होतं, ते आणून सरांना ऐकवलं. सरांनी दोन मिनिटं वाजवलं आणि गिटार खाली ठेवली. "चांगला ट्विन आहे," म्हणाले, "पण माझा नाही." मला वाटलं, संपलं. ऐकवून ऐकवून काय ऐकवणार? म्हातारपणी माणूस हट्टी होतो, असंही मनात येऊन गेलं. पण मुलगा म्हणाला, "बाबा, सरांचाच खोका आत घालूया ना."

रविवारी दुपारी आमच्या बाल्कांवात तो उद्योग झाला. मित्राने माइक आणि एक छोटा पॉवर अॅम्प आणला. ट्विनच्या स्पीकरची वायर काढून त्याला जोडली. माइक आधी स्पीकरच्या बरोबर मध्यावर ठेवला तर आवाज कडक आला. कडेकडे सरकवल्यावर मऊ होत गेला. सर खुर्चीत बसून बोटाने दाखवत होते, थोडा आणखी, थोडा मागे. मग तो चढता सूर सोडला. शेजारचा कुत्रा भुंकला, म्हणून पुन्हा. दुसऱ्यांदा नारळ पडला. तिसऱ्या वेळी जमलं. संगणकावर जी फाईल तयार झाली ती सेकंदाच्या पाचव्या भागाएवढी, तीसेक केबीची. आमच्या ऑफिसातलं रजेच्या अर्जाचं पान स्कॅन केलं तर याच्या दहापट होतं.

ती फाईल पेडलमध्ये भरली, हेडफोन सरांच्या कानांवर चढवला. सरांनी एकच कॉर्ड वाजवली आणि ती विरेपर्यंत हात तसाच ठेवला. मग त्यांनी हेडफोन काढून माझ्या कानांना लावला, जणू मला काही कळणार होतं! मला एवढंच कळलं की मुलाच्या क्लासच्या वेळी भिंतीपलीकडून जे ऐकू यायचं, ते हेच.

सरांनी तसंच पेडल घेतलं. नाताळात चर्चच्या हॉलमध्ये त्यांनी ते वाजवलं. खांद्यावरच्या पिशवीत पेडल, हातात गिटार, बस्स. कार्यक्रम झाल्यावर मी विचारलं, कसं वाटलं? म्हणाले, समोर चांगलं असेल, पण पाठ रिकामी वाटते. इतकी वर्षं आवाज पाठीवर यायचा, पँटच्या पायाला हवा लागायची. शिवाय सूर धरून अॅम्पकडे वळलं की तो अॅम्पमधून येऊन पुन्हा तारेला हलवतो, लांबत जातो. बीटल्सच्या 1964 च्या 'आय फील फाइन'च्या सुरुवातीला जो गुंजतो तो तसलाच सूर. मिक्सर हॉलच्या दुसऱ्या टोकाला असला की हे कुठून व्हायचं? त्या रात्री मी बघितलं होतं, एका गाण्यात सर सवयीने मागे वळले आणि भिंतीकडे बघत क्षणभर थांबले. माझ्या टिपणीत हा मुद्दा नव्हता. मुलाने आता त्यासाठी पायाशी ठेवायचा एक छोटा स्पीकर सुचवला आहे, त्याची कोटेशनं मागवतो आहे.

ट्विन मात्र अजून आमच्याच बाल्कांवात आहे. सर रविवारी चारच्या सुमाराला येतात, ट्रान्सफॉर्मर लावून व्हॉल्व्ह तापू देतात, खुर्ची अॅम्पच्या अगदी पुढ्यात ओढून त्याला पाठ टेकवतात आणि मुलाला सांगतात, "वाढव."